शिकाऱ्याच्या दंडावरची खूण

आमच्या संग्रहालयातला आदिमानव माझा नवरा आहे. हे मी रागाने म्हणत नाही. रागात मी बरंच वेगळं म्हणते.

संग्रहालयासाठी मी पुतळे घडवते. तळमजल्यावर काचेमागे अश्मयुगातल्या शिकारीचा देखावा आहे, त्यात भाला उगारून उभा असलेला दाढीवाला शिकारी मी पंचवीसेक वर्षांपूर्वी केला. पुतळा हुबेहूब हवा असेल तर जिवंत माणसाच्या अंगावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या चिकटवून साचा काढावा लागतो, आणि प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत त्या माणसाने हलायचं नसतं. जागचं न हलता बसायची सवय असलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो.

त्याला मी दाढी चिकटवली, केस वाढवले, कातडं नेसवलं, तरी गुडघे त्याचेच राहिले. आणि डाव्या दंडावरची लस टोचल्याची खूणही राहिली, कारण साचा इतका चोख निघाला होता की तीसुद्धा उमटली. उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंनी काचेला नाक लावून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हा तर आमचा. ही खूण बघा, लहानपणी खाजवून खाजवून लिंबाएवढी करून ठेवली मेल्याने." हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला लस कोणी टोचली, हा प्रश्न तेव्हाच्या साहेबांना पडायला हवा होता. पण साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, राहू द्या, त्या निमित्ताने लोक येतील तरी.

लोक खरंच आले. शाळेची पोरं रांग सोडून ती खूण शोधायला धावायची. गल्लीच्या टोकाला नवऱ्याचं दुकान, तिथे सगळे त्याला 'शिकारी' म्हणायला लागले. "शिकारी, सेल बदलून द्या." "शिकारी, पट्टा आहे का?" घरात झुरळ निघालं की हा शिकारी खुर्चीवर चढतो आणि चप्पल मला उचलावी लागते, ही गोष्ट वेगळी.

तर सगळं असं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडे साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. शिक्षण हाडांचं, आणि अंगावरही तेवढंच. एके दिवशी त्या माझ्या कार्यशाळेत आल्या, स्टूल पुसून मलाच म्हणाल्या, "ताई, बसा जरा." मला बसवून बोलणारं माणूस चांगली बातमी आणत नाही, हा माझा अनुभव आहे.

आमचा देखावा एका खऱ्या थडग्यावरून केलेला आहे. नदीकाठी खोदताना एक सांगाडा सापडला होता, त्याच्याशेजारी भाल्यांची दगडी टोकं आणि कातडं सोलायची पाती नीट रचून ठेवलेली. त्या सांगाड्याच्या दातांची मॅडमनी नव्याने तपासणी करून घेतली होती.

"ती बाई होती," मॅडम म्हणाल्या. "तरुण बाई."

"म्हणजे आपला शिकारी..."

"बाई होता."

मी जरा वेळ चिखल मळत राहिले. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा सगळ्याच बायका शिकारीला जायच्या?"

"ते मी छातीठोक सांगणार नाही. काही ठिकाणी जात असतील, काही ठिकाणी नसतील. त्यावरून आमच्या लोकांत अजून जुंपलेली आहे. पण आपला देखावा या थडग्यावरून केलाय, आणि या थडग्यात ही होती. ही शिकारी नसेल तर ती टोकं तिच्याजवळ का ठेवली, हे कोणीतरी मला सांगावं."

बाईचं डोकं सरळ होतं, मला आवडलं. पुढचं मात्र आवडलं नाही. शाळांच्या सहली सुरू व्हायच्या आत नवी शिकारीण उभी राहायला हवी होती, आणि जुना शिकारी गोदामात जायचा होता. शिवाय तो उभाही चुकीचा होता म्हणे. उजव्या हातात भाला आणि उजवाच पाय पुढे. असा कोणी भाला फेकायला गेला तर भाल्याआधी स्वतःच नाकावर आपटेल. मी शरमेने कपाळ चोळलं आणि त्यावर चिखल लागला.

"आणि ताई," दारातून वळून मॅडम म्हणाल्या, "या वेळी लसीची खूण नको."

रात्रीच्या जेवणात मी घरी सांगून टाकलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"बाई? बाई शिकारीला गेली तर पोरं कोण सांभाळत होतं?"

"तुला कोण सांभाळत होतं?" सासूबाई म्हणाल्या. त्या आयुष्यभर शिवणाच्या कारखान्यात होत्या. "मी पाळीवर जायचे तेव्हा तुझा बापच न्हाऊ घालायचा तुला. साबण डोळ्यांत जायचा तो भाग सोड."

"आई, ते वेगळं. आणि ते भाले तिच्या नवऱ्याचे असतील. बायको गेली म्हणून बिचाऱ्याने शेजारी ठेवले असतील."

"इतकी वर्षं तिला पुरुष समजत होतो," मी म्हटलं, "तेव्हा ते भाले त्याच्या बायकोचे असतील, असं तुम्ही एकदा तरी म्हणालात का?"

तो पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, "मग मला कुठे ठेवणार?"

मी गोदाम म्हटलं. तो उठला, हात धुतले आणि झोपायला गेला. ताटातली भाजी तशीच होती, आणि भाजी टाकून उठणारा तो माणूस नव्हे.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. भांडण मला परवडतं, अबोला नाही. तो दुकानातून मागच्या गल्लीने घरी यायला लागला, म्हणजे संग्रहालयाच्या दारावरून जायला नको. कोणी 'शिकारी' म्हणून हाक मारली तर मान वर करायची नाही. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "काहीतरी कर बाई. लहानपणी भोवरा हरवला होता तेव्हा असाच बसला होता, आणि मग तापच भरला त्याला."

मला त्याचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. काम तर सोडता येत नव्हतं. ती बाई हजारो वर्षं आपल्या भाल्यांशेजारी पडून होती आणि तिच्या जागी आम्ही माझ्या नवऱ्याला दाढी लावून उभं केलं होतं. मला ते पटत नव्हतं. पण नवरा गोदामात धूळ खात पडणार, हेही पटत नव्हतं.

पुढची अडचण निघाली ती साच्यासाठी बाई शोधायची. मॅडम हाडांच्या मापांचा कागद घेऊन संग्रहालयभर फिरल्या. तिकीट खिडकीवरची पोरगी फार उंच निघाली. मॅडम स्वतः पट्टीसारख्या. सांगाडा ठेंगणा, खांद्यात रुंद, त्यातही उजवा खांदा जास्त भरलेला, रोज जोर लावून लावून झालेला असतो तसा. शेवटी मॅडमनी टेप माझ्या खांद्यावर टाकला, कागद पाहिला, परत टेप पाहिला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. त्या बाईने भाले फेकले असतील, मी जन्मभर चिखल मळला आणि प्लॅस्टरची पोती उचलली. खांद्याला काय त्याचं.

"पण ती तरुण होती ना," मी म्हटलं.

"हात तुमचे घेऊ. चेहरा तरुण करता येईल?"

"माझ्याच हातात आहे म्हटल्यावर करणारच की."

आता स्वतःच्या अंगाचा साचा स्वतःला काढता येत नाही. मॅडमनी हौसेने प्रयत्न केला, पण पट्ट्या माझ्या हाताला चिकटायच्या आधी त्यांच्याच कोपरांना चिकटल्या आणि बादलीतलं प्लॅस्टर बादलीतच दगड झालं. माझ्यापाशी वर्षानुवर्षं बसून हे काम बघितलेला, हात न थरथरणारा माणूस एकच होता. मी दुकानात गेले. तो डोळ्याला भिंग लावून एका लहानशा घड्याळात वाकला होता.

"अहो, साचा काढायचाय. माझा."

त्याने चिमट्याने एक चाक उचलून जागेवर बसवलं. मग भिंग काढून गळ्यात सोडलं आणि शटर ओढलं.

कार्यशाळेत मी बाह्या वर करून चौथऱ्यावर उभी राहिले. उजवा हात मागे, त्यात भाला, डावा हात समोर ताणलेला, डावा पाय पुढे. त्याने माझ्या हातांना मलम चोपडलं, पट्टी बुडवली, निथळली आणि मनगटापासून सुरुवात केली. काय सुरेख काम करत होता म्हणून सांगू. एक सुरकुती नाही की बुडबुडा नाही. दंडापर्यंत आल्यावर त्याची नजर माझ्या पायांवर गेली.

"माझा उजवा पाय पुढे होता," तो म्हणाला. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"होता."

"तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? आपल्या दोघांत भाला कोणी फेकला होता?"

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण लगेच थांबलं. हातांचे साचे निघाले, दोन्ही चोख. मग चेहरा. हात मोकळे झाल्यावर मी खुर्चीत मान टेकून बसले. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. चेहऱ्यावर प्लॅस्टर असताना बोलता येत नाही, म्हणून आमच्या कामात खूण ठरलेली असते. खुर्चीच्या हातावर बोटाने एकदा टकटक केलं तर सगळं ठीक. दोनदा केलं तर जीव घाबरतोय, काढा.

पट्ट्या चढल्या. अंधार झाला, प्लॅस्टर गरम व्हायला लागलं. आणि माझा नवरा बोलायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी मध्ये न बोलता त्याला बोलायला मिळालं असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"तुला वाटतं मी बाईवर जळतो," तो म्हणाला. "तसं नाही ग. शिकार बाईने केली असेल, मला काय. माझ्या घरात तूच करतेस." स्टूल सरकल्याचा आवाज आला. "पण आता घड्याळ दुरुस्त करायला कोण येतं? फोनमध्ये वेळ दिसते. लोक येतात ते शिकाऱ्याला बघायला. बापाचा हात धरून एक पोरगं परवा आलं होतं, म्हणालं, काका, खूण दाखवा. मी बाही वर केली. ते पोरगं इतकं खूश झालं. त्याच्या बापाने मग उगाचच एक पट्टा घेतला." त्याने कडेची पट्टी दाबून बसवली. "दुकानात बसलेला मी आणि काचेतला मी, यांतला काचेतलाच जास्त कामाचा आहे असं मला वाटायला लागलं होतं. आता तोही गोदामात जायचाय."

मला रडू आलं. प्लॅस्टरखाली रडणं हे किती वाईट काम आहे ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

"एक सांग," तो म्हणाला. "तुला चालेल का मी गोदामात गेलेलो?"

मी जोरात दोनदा टकटक केलं. नाही, नाही.

"अग बाई," तो ओरडला आणि त्याने धावत येऊन दोन्ही हातांनी साचा ओढून काढला. अर्धा ओला होता, नाकापाशी दुमडला, एक भुवई जवळजवळ त्याच्याबरोबर गेली. मी डोळे उघडले तर तो माझ्यासमोर घाबराघुबरा, हातात माझ्या चेहऱ्याचा चिखल.

"श्वास घेता येतोय ना? पाणी देऊ?"

"नाही म्हणत होते मी," मी म्हटलं. "तुम्ही गोदामात गेलेले चालणार नाही, असं म्हणत होते."

तो हातातल्या लगद्याकडे पाहत राहिला. मग खाली बसला आणि हसायला लागला. मीही हसले. चेहऱ्यावर सुकलेलं प्लॅस्टर तडकून मांडीवर पडत होतं आणि आम्ही दोघं हसत होतो. अबोला तिथे संपला.

"आता ऐका," मी म्हटलं. कित्येक दिवस मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "ती बाई भाला घेऊन उभी आहे. पण हरणांचा कळप काय तिच्या पुढ्यात येऊन उभा राहणार आहे? कोणीतरी मागून हाका घालायला हवा. आरडाओरडा करत, फांद्या आपटत कळप तिच्याकडे वळवायला हवा. तुमच्या हातातला भाला काढते आणि फांदी देते. तोंड उघडं करते. उजवा पाय पुढे आहे तो राहू दे, पळताय म्हणून खपेल."

"हाकाऱ्या?" तो म्हणाला. "शिकाऱ्याचा हाकाऱ्या केलास मला?"

"आणि पाठीवर पोर बांधणार आहे."

"पोर?"

"का, आपली पोरगी कुठे झोपायची? मी इथे ह्याच देखाव्यावर राबत होते तेव्हा ती तुमच्या दुकानात, तुमच्या मांडीवर, टिकटिकीत झोपायची. घरी आणली की रडायची."

त्याचा चेहरा बदलला. "माझ्याजवळच झोपायची ती," तो म्हणाला. "तुझ्याजवळ नाही झोपायची."

"तेच सांगतेय. आणि झोळीचा पट्टा बरोबर तुमच्या डाव्या दंडावरून नेते. खूण झाकली जाईल, घासायला नको. झाकलेली का असेना, आहे हे आपल्याला माहीत."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "ताई, पुरुष पोर पाठीवर घेऊन हाका घालत होता, याचा पुरावा नाही."

"घेत नव्हता, याचा आहे का?"

त्या हसल्या. "नाही. पण पाटीवर 'ही कल्पना' असं लिहावं लागेल."

"लिहा की. आधीची पण कल्पनाच होती. तिच्यावर मात्र लिहिलेलं नव्हतं."

मग कामाला जी सुरुवात झाली ती विचारू नका. चेहऱ्याचा साचा दुसऱ्या दिवशी परत काढला, त्या वेळी नवऱ्याला मी गप्प बसायला सांगितलं आणि त्याने शेवटपर्यंत शीळ घातली. हातांचे साचे ओतले. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून बारीक कलाकुसर त्याच्यावर सोपवली. डोळ्याला भिंग लावून तो माझ्या हातांवरून कानस फिरवत बसायचा, दुकानापेक्षा जास्त मन लावून. मी त्याला बजावलं होतं, "डाव्या दंडावर माझ्या लसीची खूण उमटली असेल. तेवढी घासून काढा. मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय." तो हुं म्हणाला.

उद्घाटनाला त्याने इस्त्रीचा सदरा घातला, पण यायला का कू करत होता. सासूबाईंनी दंडाला धरून आणला. दिवे लागले. समोर ती उभी होती, डावा हात पुढे ताणून, उजवा मागे, नजर कळपावर. कळपाच्या मागून तो तोंड वासून पळत येत होता, हातात फांदी, पाठीवर पोर, आणि पोर गाढ झोपलेलं. ते पोर मी कोणाचा साचा न काढता, नुसत्या आठवणीने केलं होतं.

शाळेची पोरं काचेला चिकटली. एकाने नवऱ्याचा सदरा ओढून विचारलं, "काका, यातला शिकारी कोण?"

नवरा त्या पोराजवळ वाकला. "ती," तो म्हणाला. "मी नुसता ओरडतो. पण मी ओरडलो नाही तर तिला हरीण मिळत नाही."

पोराने एकदा काचेत पाहिलं, एकदा ह्याच्या तोंडाकडे. मग त्याने मित्रांना बोलावलं आणि थोड्याच वेळात सगळी पोरं नवऱ्याभोवती गोळा होऊन, ओरडून दाखवा, ओरडून दाखवा, म्हणत होती.

सासूबाईंनी काचेला नाक लावलं होतंच. "झुरळ दिसलं की अस्साच ओरडतो," त्या म्हणाल्या. मग सरकत सरकत शिकारिणीसमोर गेल्या. "आणि ही आमची सून."

मॅडम शेजारीच होत्या. "आजी, तिचा चेहरा तर केवढा तरुण केलाय. कशावरून ओळखलंत?"

सासूबाईंनी काचेवर बोट टेकवलं. समोर ताणलेल्या डाव्या दंडावर, दिव्याच्या अगदी उजेडात, दोन बारीक गोल खुणा होत्या. शेजारी शेजारी, माझ्या आहेत तशाच. कोणी चुकून राहू दिलेल्या वाटत नव्हत्या. त्यांच्या कडा हलक्या हाताने साफ करून ठेवल्या होत्या.

मॅडमनी त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या दालनात गेल्या. मी नवऱ्याकडे वळले. घड्याळाच्या चाकात अडकलेला केस ह्या माणसाला दिसतो.

"घासून काढा म्हटलं होतं ना मी?"

"दिसलंच नाही," तो म्हणाला. भिंग त्याच्या गळ्यातच होतं.